तिसरी हाक चोराची

आधीच सांगून ठेवतो. भूतखेत, करणी, लिंबू-मिरची यातलं मी काही मानत नाई. आजही मानत नाई. ज्याले खाली "काका, तुम्हाले भास झाला" असं लिवायचं असन, त्यानं पहिले पूर्ण वाचावं, मंग लिवावं. मी चौथी पास माणूस. हे वहीत लिवलं, सूनबाईनं टाइप केलं. मधामधात तिनं शुद्ध कराले घेतलं, मी रागावलो, म्हणून काही शुद्ध आहे, काही माझं आहे.

जागा — देवळी, वर्धा रोडच्या अंगानं, बस स्टँडवरून पायी पंधरा मिनिटं. अडीच एकर वावर आन् वावरातच घर. वांगे, भेंडी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर लावतो, बाजारात स्वतः बसून विकतो. दलालाले एक काडी देत नाई. घरापुढं आंगण, आंगणाच्या टोकाले फाटक. हे फाटक ध्यानात ठेवा.

साल दोन हजार सात. घरी आम्ही दोघंच, मी आन् सूनबाई वैशाली. पोरगा गजानन मस्कतले वेल्डर. माझी बायको पारबता, तिले जाऊन तीन वर्षं झालती.

ह्या पारबताचा एक नेम होता. कोणी बाहेरून हाक मारली तं पहिल्या हाकेले ओ द्यायची नाई. तिचं म्हणणं — बाहेरचं जे असते ते एकदाच हाक मारते, लय झालं तं दोनदा. तिसऱ्यांदा हाक मारते तो माणूस. पोस्टमन बिचारा दारात सायकल टेकवून मोजायचा... "पारबताबाई, तीन झाल्या बरं, आता तं उघडा." मले ह्या गोष्टीची भयंकर चीड. तिले दाखवाले म्हणून मी मुद्दाम पहिल्याच हाकेले मोठ्यानं ओ द्यायचो. एकदा तं भिंतीआड लपून मीच आवाज बदलवून तिले एक हाक मारली आन् गंमत पाहत बसलो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाई. पण नेम सोडला नाई, आन् सूनबाईलेही तोच शिकवून गेली.

आता मुद्द्यावर येतो.

गजाननाशी बोलाले म्हणून घरी कॉम्प्युटर आन् नेट घेतलं होतं. फोन परवडत नाई, मेल परवडते. त्याचे दोन वर्षाचे मेल, फोटो, सगळं त्याच डब्यात. नेटवाल्या कंपनीचं बिल वैशाली कार्डावरून भरायची. ते कार्ड गजाननाच्या खात्याचं. आन् त्या खात्यात काय होतं तं त्याची चार वर्षाची कमाई, मस्कतच्या उन्हात लोखंड जोडू-जोडू जमवलेली. तेवढ्यावर तो कायमचा घरी परतणार होता. ते गेलं असतं तं अजून चार वर्षं तिकडंच.

दसरा झाल्यावर एक मेल आला. इंग्रजीत. वैशाली बी.ए. आहे, तिनं वाचून सांगितला. प्रिय ग्राहक, तुमच्या बिलात अडचण आली आहे, चोवीस तासात कार्डाची माहिती पुन्हा भरा, नाईतर कनेक्शन बंद होईल आन् तुमचे सगळे मेल पुसल्या जातील. वर कंपनीचं चित्र, रंग, सगळं बरोबर. तिनं तो तसाच सोडला. दुसऱ्या दिवशी तोच मेल पुन्हा. तोही सोडला. चोवीस तास होऊन गेले, बंद काही झालं नाई, हे ध्यानात यायला पाहिजे होतं. आमच्या दोघांच्याही नाई आलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा आला, आन् सूनबाई म्हणाली,

"मामाजी, आता तिसऱ्यांदा आला. आत्याबाई म्हणत होत्या ना, तिसऱ्यांदा हाक मारते तो माणूस असते."

मी म्हटलं, बिल तं भरलं ना तू, मंग अडचण कायची. ती म्हणे कॉम्प्युटरचं असते असं कधी कधी. मनातून मले पटलं नव्हतं. पण मले इंग्रजी येत नाई, आन् येत नाई हे सुनेपुढं दिसू नये, म्हणून मी बोललो, "कर तुले काय करायचं ते." एवढीच माझी अक्कल. कोणी मले शिव्या दिल्या तं ह्यासाठी द्या, बाकीच्यासाठी नाई.

दुपारचे बारा-साडेबारा. लख्ख ऊन. हे सांगतो कारण अंधाराचं नाव कोणी पुढं करू नये. मी पडवीत सांबाराच्या जुड्या बांधून राह्यलो होतो. वैशाली आतमधी कॉम्प्युटरवर. कार्डाचे आकडे ती एक-एक करून तोंडातल्या तोंडात म्हणत होती, ते मले आयकू येत होते. आकडे संपले. मंग कार्ड उलटं केलं, मागचे तीन आकडे. एक... दोन...

आन् फाटकाकडून हाक आली.

"अवो, फाटक लावा, ढोरं आले."

एकदाच. त्याच्यामागं फाटक ओढल्याचा आवाज, लाकूड भुईवर घासते तसा, खर्रर्र.

सवयच माझी. "आलो वं" म्हणत मी उठलो, जुड्या तिथंच सांडल्या, काठी घेतली आन् फाटकापाशी पळालो. फाटक बंद. कडी लावलेली. ना ढोर, ना माणूस, रस्ता मोकळा. मागं वळून पाहतो तं वैशाली अनवाणी आंगणात उभी, हातात कार्ड.

मी तिले काहीच सांगितलं नाई. पहिले विचारलं, तुले काय आयकू आलं. ती म्हणाली, "फाटक लावा, ढोरं आले." मंग म्हणाली, "मामाजी, आवाज आत्याबाईचा होता."

आता ऐका. भुईवर घासायचं ते लाकडी फाटक पारबता गेली त्याच वर्षी मोडलं, चुलीत गेलं. तिथं आता लोखंडी फाटक आहे, बिजागरीवर फिरते. घासाले त्याले जागाच नाई.

आत येऊन पाह्यलं तं सगळं भरून झालतं, फक्त मागचा एक आकडा आन् शेवटचं बटन दाबायचं बाकी. मी म्हटलं, हात लावू नोको. काऊन ते मले सांगता येत नव्हतं, पण वावरात ढोरं शिरल्यावर जसा जीव होते तसा झाला होता. फायलीतून कंपनीचं जुनं कागदी बिल काढलं. मेलमधी एक फोन नंबर होता, तिनं तो लावाले घेतला. म्हटलं तो नाई, ज्यानं बोलावलं त्यालेच काय विचारतं? कागदावरचा लाव.

फोनवर मीच बोललो, तिकडं एक पोरगी होती. तिनं तपासून सांगितलं — बिल पूर्ण भरलेलं आहे, आम्ही असा मेल पाठवलाच नाही, कार्डाचे आकडे आम्ही मेलवर मागत नाही. मंग विचारलं, "त्यात तुमचं नाव आहे का काका, की नुसतं प्रिय ग्राहक?"

नुसतं प्रिय ग्राहक. तीनदा हाक मारली आन् एकदाही नाव नाई घेतलं. माझ्या तोंडातून जे निघालं ते सूनबाईनं टाइप केलं नाई.

रविवारी माझा पुतण्या बबन आला, वर्ध्याले कॉम्प्युटरचे क्लास चालवते. त्यानं मेलवर बोट ठेवून दाखवलं... पत्ता कंपनीसारखाच दिसते, पण नावात एक अक्षर जास्तीचं. म्हणे काकाजी, बटन दाबलं असतं तं संध्याकाळपर्यंत खातं साफ. घाई करते, धमकी देते, नाव घेत नाई, आन् स्वतःच्याच दारातून, स्वतःच दिलेल्या नंबरावर बोलावते, तो चोर समजायचा. हे त्यानं चांगलं सांगितलं. पण मंग हासला आन् म्हणाला, "काकू आता अँटीव्हायरस झाली म्हणायची."

मी त्याले उठवून देणार होतो. वैशालीनं चहा आणला म्हणून वाचला. तो म्हणे शेजारच्या वावरातून कोणी बाईनं हाक मारली असन. मी स्वतः जाऊन विचारून आलतो, त्या दिवशी तिथलं घर कुलूपबंद, सगळे बाजारात. म्हणे तुमच्या मनात धाकधूक होती, म्हणून आयकू आलं.

"आन् सूनबाईच्या मनातही तेच फाटक काय बे?"

त्यानं बशीत चहा ओतला आन् पीत बसला.

आता जे कोणालेच सांगितलं नाई ते लिवतो. वैशालीही हे टाइप करतानाच वाचणार.

पारबता गेली त्या दिवशी सकाळीच आमचं भांडण झालतं, ह्याच फाटकावरून. ती आजारी, पडवीत बाजेवर. मी भेंडीच्या तासात, म्हणजे ओळीत, तोडणीले. तिनं हाक मारली, "अवो, फाटक लावा, ढोरं आले." मी पाह्यलं, ढोरं नव्हतेच. जन्मभर पहिल्या हाकेले ओ देणारा मी, त्या दिवशी रागात मनात म्हटलं, मार अजून दोन. तुझाच नेम आहे ना, तिसरीले येतो. आन् तास पुरा तोडला. दुसरी हाक आलीच नाई. मी गेलो तेव्हा ती गेलती.

गजानन पुढच्या वर्षी परतला. हे लिवतो तं तो बाहेर वांग्याले पाणी देऊन राह्यला. ज्यानं तीनदा बोलावलं तो चोर निघाला, आन् जिनं एकदाच बोलावलं तिनं माझं घर राखलं. नाव तं तिनंही माझं कधी घेतलं नाई, नवऱ्याचं कशी घेणार. हे कसं झालं, मले समजत नाई. बबनले समजत नाई. देवळीतल्या एका बुवानं पूजा सांगितली, त्याले फाटकाबाहेर काढला.

आता दारात कोणी एक हाक मारली का मी हातातलं टाकून उठतो. पोस्टमन हासते. हासू द्या.

तुमच्यातल्या शिकलेल्या लोकांनी भास, योगायोग, जे काय म्हणायचं ते आपल्यापाशीच ठेवावं, मले त्याची गरज नाई. त्या दिवशी मी "आलो वं" म्हटलं होतं, पहिल्याच हाकेले. ते तिले आयकू गेलं का नाई, एवढं कोणाले सांगता येत असन तं सांगा.