आत्याचा आवाज पोचत नव्हता

आमच्या आत्याचा कुणावर विश्वास नाही. दुकानदाराने वजन करून दिलेलं ती घरी येऊन परत तोलते, आणि वजन बरोबर निघालं तर स्वतःच्या काट्यावर संशय घेते. कुलूप लावलं की ओढून बघते, जिना उतरते, परत वर चढते आणि पुन्हा ओढते. बेल वाजली की दाराच्या भोकातून बघते, मग "कोण?" विचारते. मी "मी" म्हटलं की "मी कोण?" असंही विचारते, तेही मला भोकातून बघत असताना. घरात सगळे तिला फौजदार म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. हे नाव पहिल्यांदा कुणी पाडलं, याचा तपास अजून चालू आहे.

अशा बाईने आयुष्यभर काय करावं, तर ज्यांना कधी पाहिलं नाही अशा माणसांना गोष्टी वाचून दाखवाव्यात. शहरात अंध वाचकांसाठी एक ग्रंथालय आहे. आत्या त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्याने वाचते आणि रेकॉर्ड करून पाठवते. पोटासाठी तिने टेलिफोन कचेरीत नोकरी केली, पण जीव या कामात. कपाटाची दारं उघडून, आत टांगलेल्या कोटांकडे तोंड करून ती बसते, कारण कोट आवाज घुमू देत नाहीत. फ्रीज गुरगुरतो म्हणून तो आधी बंद करते, आणि मग चालू करायला विसरते. तिच्याकडचं दूध नेहमी नासलेलं असतं आणि संशय दूधवाल्यावर असतो.

ग्रंथालयाच्या ग्रंथपाल म्हणजे तिची जुनी मैत्रीण. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. बाईंना जन्मापासून दिसत नाही. टेपच्या काळात त्यांनीच आत्याला शिकवलं होतं की प्रकरण मध्येच तोडायचं नाही. ऐकणारा गोष्टीत असतो, त्याला उगाच यंत्राकडे हात न्यायला लावू नये. टेप गेल्या, कॉम्प्युटर आला, पण आत्याचा नियम तोच. प्रकरण कितीही लांबलचक असो, त्याची फाइल एकच, आणि तीही सगळ्यात वजनदार प्रकारातली, आवाज जराही न दाबलेली.

"आवाज दाबला की श्वास मरतो," ती म्हणायची. "पान उलटताना मी श्वास घेते, तो बाईला ओळखू येतो."

जगात आत्याचा विश्वास कुणावर असेलच तर तो बाईंवर होता. म्हणून पुढे जे झालं ते मला फार लागलं.

दीपगृहावर राहणाऱ्या एका कुटुंबाची जाडजूड कादंबरी तिने वाचायला घेतली होती. प्रकरण ई-मेलने पाठवलं की बाईंचं ओळीभर उत्तर यायचं. शेवटची प्रकरणं पाठवली आणि उत्तरं बंद झाली. आत्याने पुन्हा पाठवली, तरी काही नाही. त्यातच वाचन करणाऱ्या दुसऱ्या एकीने तिच्या कानावर घातलं की ग्रंथालयाने पुस्तकं वाचणारं यंत्र घेतलंय, ते न थकता वाचतं, न खोकता वाचतं.

झालं. फौजदारांना आरोपी सापडला.

"त्यांना आता माझा आवाज नकोय," आत्या मला म्हणाली. "तोंडावर सांगवत नाही, म्हणून बाई मूग गिळून बसलीय."

"फोन करून विचार ना."

"मी का विचारू? ज्याने लपवलंय त्याने सांगावं."

"पोचलंच नसेल कदाचित."

"पाठवलेल्यांत दिसतंय की. म्हणजे गेलं. गेलं म्हणजे पोचलं."

कुलूप दहादा ओढणारी आत्या, पण 'पाठवलं' या शब्दावर तिने डोळे मिटून विश्वास ठेवला. मग तिने बाईंना पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं तेव्हा मी हात जोडले, पाठवू नकोस म्हटलं. त्यात होतं की आपणांस माझी गरज उरलेली नाही हे माझ्या ध्यानात आले आहे, आपण इतकी वर्षे मैत्रीचे नाटक केलेत, त्याबद्दल आभार. जिला जन्मभर 'अगं' म्हटलं तिला तिने 'आपण' म्हटलं होतं. माझ्यासमोरच तिने बटण दाबलं.

त्यालाही उत्तर आलं नाही.

"बघ, गप्प आहे. म्हणजे खरंच आहे," आत्या म्हणाली. तिचा चेहरा मात्र जिंकल्यासारखा नव्हता. त्या दिवसापासून कपाटाची दारं बंद राहिली, फ्रीज चालू राहिला आणि दूध चांगलं राहू लागलं.

खरं बाहेर आलं ते माझ्या रागामुळे. मी नुकतीच नोकरी बदलली होती आणि नव्या ऑफिसच्या पत्त्यावरून तिला एक ई-मेल पाठवली होती. ती आली नाही म्हणाली, आणि वर, "तू पाठवलीच नसशील," असंही म्हणाली. माझं डोकं फिरलं. मी तिला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः शोधायला बसले.

माझी ई-मेल कचरापेटीत होती. कधीतरी कुणा ठगाने आत्याला लाखोंचं बक्षीस लागल्याचं कळवलं होतं. तेव्हा तिने कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बसवून नियम करून घेतला होता: ओळखीच्या यादीत नाही त्याची ई-मेल थेट कचऱ्यात. माझा नवा पत्ता यादीत नव्हता. आणि माझ्या शेजारी तिथे कोण कोण पडलं होतं ते पाहून मी आत्याला हाक मारली.

आत्याने पाठवलेल्या प्रत्येक प्रकरणामागे एक निरोप परत आला होता. तुमची ई-मेल पोचवता आली नाही, जोडलेली फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे.

"हा कोण सांगणारा?" आत्याने विचारलं. "नाव नाही, गाव नाही. फसवणारा असेल."

"आत्या, तो यंत्राचा निरोप आहे. एवढा एकच तुझ्याशी खरं बोलत होता."

खाली बाईंच्या ई-मेल होत्या. ग्रंथालयाचा ई-मेलचा पत्ता बदलला होता आणि फोनचा नंबरही. जुन्या पत्त्यावर आलेलं नव्याकडे जायचं, पण नवीन पेटी जुनीसारखं जड सामान आत घ्यायची नाही. नव्या पत्त्यावरून बाईंनी लिहिलं होतं: अगं, पुढचं प्रकरण कधी? मग: आजारी आहेस का? मग: फोन तरी उचल. आत्या अनोळखी नंबर कधीच उचलत नाही.

ती माझ्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "आता पाठव."

फाइलची लिंक पाठवूया म्हटलं, तर तिने मला ठगांच्या टोळीत जमा केलं. झिप करून बघितली, पण आवाज काही गादीसारखा दाबून पिशवीत बसत नाही, फाइल जेमतेम तेवढीच राहिली. प्रकरणाचे तुकडे करायचं मी नावही काढलं नाही. शेवटी तेच रेकॉर्डिंग हलक्या प्रकारात बदललं. आत्याने हेडफोन लावून, डोळे बारीक करून, पान उलटल्याचा प्रत्येक श्वास तपासला आणि मान हलवली. बाईंचा नवा पत्ता यादीत घातला. एकेक प्रकरण वेगळं पाठवलं. एकही परत आलं नाही.

"आणि ते पत्र?" तिने विचारलं. "ते परत आलं होतं का?"

मी परत बघितलं, उगाचच. पत्राला काहीच जोडलेलं नव्हतं. ते सुखरूप पोचलं होतं.

"सगळं अडवलं मेल्यांनी," आत्या म्हणाली, "तेवढं एक अडवलं नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. आत्याने चष्मा पुसला आणि मलाच वाचायला लावलं.

"अगं, प्रकरणं मिळाली. शेवटपर्यंत ऐकली. इथे सगळे म्हणत होते की उरलेलं यंत्राला वाचू दे. मी म्हटलं, थांबा, ती पाठवेल. मग तुझं पत्र आलं. मला पत्रं यंत्रच वाचून दाखवतं, तुला माहीत आहे. तू मला 'आपण' म्हणालीस, तेही मी त्याच्याच आवाजात ऐकलं. भांडायचं होतं तर रेकॉर्ड करून पाठवायचंस. निदान तुझा आवाज तरी आला असता."

त्याखाली फोनचा नवा नंबर होता.

आत्या उठली. तिने फ्रीज बंद केला, कपाट उघडलं आणि कोटांसमोर जाऊन बसली. मी बाहेर थांबले. थोड्या वेळाने ती काही रेकॉर्ड न करताच बाहेर आली.

"पाठवायचं नाही," ती म्हणाली. "पाठवलं म्हणजे पोचलं असं नसतं."

तिने स्पीकर लावून तो नवा नंबर स्वतः फिरवला. मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज चालू केला.

"कोण?" पलीकडून विचारलं.

"मी," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

पलीकडून 'मी कोण' असं कुणी विचारलं नाही. बाई म्हणाल्या, "बोल."