ऐकणाऱ्या देवीची मान

भाद्रपद संपत आला होता आणि माझ्या देवीला अजून चेहराच नव्हता. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत नवरात्रात घट बसतात. त्यांच्यामागे सप्तशृंगी मातेचं हाताने रंगवलेलं मोठं चित्र असावं, हा हट्ट माझाच. शाळेत चित्रकला शिकवण्यात हयात गेलेली, म्हणून काम अंगावर घेतलं, आणि आठवडा उलटला नाही तोच आमच्या ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. लासलगावच्या बाजारात कांद्याचे लिलाव पुकारणारा माणूस. आवाज असा की समोरच्याशी बोलले तरी गल्लीला ऐकू जायचं. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालायला लागले, तेही सोसलं. पण वाचा गेली, ते मात्र मला सोसवेना. ह्यांना सगळं कळत होतं, तोंडातून मात्र नुसते तुटके आवाज यायचे.

मी मूळची हट्टी. सकाळी ह्यांची आंघोळ, औषधं, व्यायाम, आणि दुपारी चित्र, असा नेम धरला. मंडळाचे अध्यक्ष एकदा येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर आधीच एवढं टेन्शन आहे. यंदा फ्लेक्सच छापून घेऊ का?" मी म्हटलं, "माझे हात चालताहेत तोवर देवीचा फ्लेक्स लागणार नाही." चहासुद्धा विचारला नाही त्यांना. ते गेल्यावर मात्र देवघरासमोर बसून देवीशी कडाकडा भांडले. तुझंच चित्र काढतेय आणि तू माझ्याच घरात हे करतेस? हिला कुणाचं काही ऐकू तरी जातं का, अशी शंकाही त्या दिवशी मनात येऊन गेली.

अठरा हात झरझर उतरले. शंकराने दिलेला त्रिशूळ, विष्णूचं चक्र, वरुणाचा शंख, वायूचे धनुष्यबाण, इंद्राचं वज्र, ब्रह्मदेवाचा कमंडलू. एकेक हात रंगवताना मला तिचा हेवा वाटायचा, कारण मला दोन पुरत नव्हते. अडलं ते मानेपाशी. गडावरच्या देवीची मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशतीचा पाठ करतात आणि आई मान कलवून तो ऐकते, हे नाशिककडच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं, पण हातात येत नव्हतं. मान सरळ काढली की देवी बंदोबस्तावर उभी असल्यासारखी दिसायची. कलवली, तर शेजारीण बघून म्हणाली, "अगं बाई, देवीची मान आखडलीय का हो?"

त्यात ह्यांचं एक नवीनच सुरू झालं. दुपार झाली की डाव्या हाताने स्वयंपाकघराकडे बोट दाखवायचे आणि घशातून आवाज काढायचे. मी विचारत सुटायची, "पाणी हवंय? चहा? पेज आणू? काही गोड देऊ?" बोलण्याचे व्यायाम घ्यायला येणारी मुलगी मला बजावून गेली होती, "काकू, त्यांना वेळ द्या. शब्द तुम्ही पुरवू नका." पण ह्यांची धडपड मला बघवत नव्हती, म्हणून मीच बोलत राहायची. एकदा ह्यांनी पेजेची वाटी ढकलून दिली. पेज माझ्या साडीवर सांडली आणि पाणी ह्यांच्या डोळ्यांत आलं. मला काहीतरी सांगता सांगता हा माणूस कायमचा आतच अडकून राहील, अशी त्या दिवशी फार भीती वाटली.

घटस्थापना तोंडावर आली. आज मान काढल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवून मी ह्यांच्या खोलीतल्या कपाटाच्या आरशासमोर कागद घेऊन बसले. स्वतःचीच मान कलवली आणि रेखाटायला लागले. नुसती वाकवलेली मान आरशातही खोटीच दिसत होती. मागे खाटेवर हे दिसत होते. ह्यांचं बोट स्वयंपाकघराकडे उठलं, आवाज आला. सवयीने मी तोंड उघडणार होते, पण बोलले असते तर मान हलली असती. म्हणून गप्प बसले आणि तशीच ऐकत राहिले. हे अडखळले, थांबले, पुन्हा सुरू झाले. माझ्या ओठांवर दहा शब्द तयार होते. मनात म्हटलं, आई, माझ्याच्याने होत नाही, आता तूच बघ. बऱ्याच वेळाने, फाटक्या आणि अनोळखी आवाजात, पण स्पष्ट, दोन शब्द आले.

"तू... जेव."

झटका आल्यापासून मी दुपारचं जेवण सोडल्यातच जमा होतं. चित्राच्या नादात चहावर भागवत होते. ह्यांना ते खाटेवरून रोज दिसत होतं. एवढे दिवस ह्यांनी स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं. मला रडू आवरेना. डोळे पुसता पुसता आरशाकडे लक्ष गेलं. मान अजून तशीच कललेली होती, आणि आता ती ऐकत होती. मी ताट वाढून आणलं, ह्यांच्यासमोर बसून पोटभर जेवले, आणि संध्याकाळच्या आत देवीचा चेहरा चित्रात उतरला.

आमची मुलगी फोनवर म्हणाली, "आई, अशा पेशंटची वाचा हळूहळू परत येऊ शकते." असेलही. मी वाद घातला नाही. ह्यांचं बोलणं अजूनही तुटकच आहे आणि मी एका दिवसाचाही व्यायाम चुकवू देत नाही. घट बसले त्या दिवशी लोक चित्रातली आयुधं पोरांना दाखवत होते आणि मी मानेकडे बघत हात जोडून उभी होते. अठरा हातांतलं सगळं तिला कुणी ना कुणी दिलेलं आहे. ऐकणं तेवढं तिचं स्वतःचं. मी ह्यांची वाचा मागत होते, आणि आईने आधी माझी बडबड थांबवली. तिचे उपकार कसे फेडू? तिच्यावर सोपवणं म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे, एवढं मला कळलं. आपलं काम नेटाने करायचं आणि उत्तराला त्याच्या वेळेने येऊ द्यायचं. आता हे बोलायला लागले की मी हातातलं काम खाली ठेवते आणि गप्प बसते.