रोजची एक थाप

२०२२ साल, माझं वय एकाहत्तर. पुण्याजवळ मारुंजीत आमच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या असतात. कोपऱ्यातल्या खोलीत लातूरकडची वर्षा राहायला आली, नवरा आणि सात वर्षांची रेवा घेऊन. पहिल्याच सकाळी फाटकात ती पोरीला सांगत होती, "चल, आजची थाप मार. त्याशिवाय शाळेची गाडी नाही."

पोरगी माझ्याकडं बघून म्हणाली, "हे आजोबा म्हशीवर बसून कंपनीत जातात."

आई खूश. माझं डोकं फिरलं. शाळा माझी चौथीत सुटली, पण खोटं बोलल्याचं कुणी दाखवून द्यावं. मी तिथंच सुनावलं, "बाई, लेकराला खोटं शिकवती व्हय? असले भाडेकरू आमाला नकोत."

"खोली संध्याकाळी सोडते तात्या," वर्षा म्हणाली. "आधी चहा घ्या."

चहा पिताना कळलं. आदल्या वर्षी रेवा एकाएकी बदलली होती. उगाच हसायची, किंचाळायची, झोप उडाली, बोलणं तुटलं, मग झटके आले. गावाकडं लोक बाहेरची बाधा म्हणाले. दवाखान्यात कळलं, मेंदूला सूज आहे. शरीराची राखण करणारी ताकदच चुकून मेंदूवर उठली होती. औषधांनी पोर बरी झाली. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, हा आजार काही मुलांत परत उलटतो. कधी, ते सांगता येत नाही. बोलणं, झोप, वागणं बदललं तर लगेच घेऊन या.

"रोज तपासते म्हटलं तर ती घाबरते, तात्या. थाप म्हटलं की हसते. आणि नवी थाप जुळवायला डोकं ताळ्यावर लागतं."

खोली सोड असं मी पुन्हा म्हणालो नाही. माझं चुकलं असंही म्हणालो नाही.

बाई लई हसरी. स्कूटरवर गाणी म्हणत कामाला जायची, शेंगदाण्याची चटणी कुटली की वाटी आमच्याकडं पाठवायची. तुला भीती वाटत नाही का, असं कुणी विचारलं की म्हणायची, "पाहुणा यायचा तर येईल. पण न सांगता घरात शिरू देणार नाही." रेवाच्या थापा हळूहळू सगळ्या माझ्यावरच येऊ लागल्या. मी पपया चोरतो, ताम्हिणीच्या घाटात वाघाला दम देतो. मीही सकाळी फाटकाजवळ झाडलोट करू लागलो. झाडायला तिथं काही नसायचं.

दोन वर्षं बरी गेली. मग एका सकाळी रेवा दप्तराकडं बघत नुसती उभी राहिली. आईनं दोनदा विचारलं. "येत नाही," एवढंच म्हणाली.

"पोरांची मर्जी असती," मी म्हणालो. "उद्या दोन मारंल."

वर्षानं गाडी परत पाठवली. रात्री पोर जागीच होती, एकटीच पुटपुटत होती, हे तिच्या ध्यानात होतंच. तिनं लगेच रिक्षा बोलावली. बसताना म्हणाली, "माझं चुकलं तर परत आल्यावर हसा, तात्या."

हसायची वेळ आली नाही. आजार उलटलाच होता, पण नुकताच. औषध लगेच सुरू झालं. काही आठवड्यांनी रेवा घरी आली, वाळलेली, शब्द शोधत बोलणारी. डॉक्टर म्हणाले होते, अजून पुष्कळ दिवस लक्ष ठेवावं लागेल. शाळा बंद होती, तरी मायलेकी रोज सकाळी फाटकात यायच्या. आई विचारायची, पोर मान हलवायची. "उद्याची उद्या," म्हणून वर्षा तिला आत न्यायची. मी झाडत राहायचो.

एका संध्याकाळी मी पायरीवर बसलो होतो. रेवानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि सावकाश म्हणाली, "तात्याआजोबा, तुमच्या मिशीत... चिमणीनं घरटं केलंय."

दोरीवरचे कपडे काढणारी वर्षा कपड्यांसकट खाली बसली. हसत होती आणि हातातल्या टॉवेलनं डोळे पुसत होती. "ऐकलंत का तात्या? मिशीत!"

"आमच्या घराण्यात मिशीची चेष्टा कुणी केली न्हाई अजून," मी बजावलं आणि आत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिशीत वाळल्या गवताच्या दोन काड्या खोचून मी फाटकात जाऊन उभा राहिलो.