दाजी जागे होते

नालछ्याच्या जंगलचौकीवर रुजू झालो त्या पहिल्याच संध्याकाळी मी मोहाच्या झाडावर अस्वल पाहिलं आणि कचेरीतल्या कपाटावर चढून बसलो. वय बावीस, पेशा कारकुनाचा, जंगल तोवर धारच्या किल्ल्यावरून लांबूनच पाहिलेलं. मी वरून ओरडत असताना अस्वल सावकाश झाडावरून उतरलं, काळी घोंगडी झटकली आणि दारात येऊन म्हणालं, "बाबू, खाली या. अस्वलाला कपाटावर चढता येतं. तुम्हालाच उतरता येणार नाही."

ते दाजी, चौकीचे चौकीदार. उतरता मला खरंच आलं नाही. त्यांनीच उतरवलं.

संस्थान होतं तेव्हा दाजी शिकारखान्यात 'रोक' होते. हाका सुरू झाला की एका बाजूनं माणसं डबे वाजवत जनावर पुढे काढत. दुसऱ्या टोकाला मचाणावर बंदुका. मधल्या झाडांवर दोन्ही अंगांना रोक बसवत. वाघ बाजूला फुटू लागला की रोकानं खोडावर हलकेच टकटक करायची. एवढ्यानंच वाघ वळतो आणि सरळ बंदुकीसमोर जातो. दाजींचे पूर्वज मराठी फौजेबरोबर माळव्यात आले आणि लढाया संपल्यावर आजोबा झाडावर चढले. तेव्हापासून तीन पिढ्या तेच काम. "टकटक अशी हवी, की वाघाला वाटावं आपण आपल्याच मनानं वळलो," असं दाजी सांगत, आणि सांगताना मान खाली घालत.

एका हाक्यात वाघीण दोन पिल्लं घेऊन त्यांच्या झाडाखाली थांबली. तिनं वर पाहिलं. दाजींचा हात उठेना. ती पिल्लांसकट झाडीत निघून गेली. "ती दया माझी नव्हती, भैया," ते मला म्हणाले. "आमच्या तीन पिढ्यांत कुणाकडे नव्हती. मग माझ्या हातात आली कुठून?" हा प्रश्न घेऊन ते वर्षभर देवळं, दर्गे, बुवा करत फिरले. एका बुवानं नारळ सांगितला, दुसऱ्यानं काढा. शेवटी गुडघा सुजून मिशनच्या दवाखान्यात पडले असताना शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं त्यांना येशूची गोष्ट सांगितली. दाजींनी ती शिकारखान्यातल्या माणसासारखी ऐकली. "नेम माझ्यावर होता. तो मध्ये येऊन उभा राहिला. त्याला लागली, मी सुटलो. तेव्हाच ओळखलं, त्या दिवशी झाडावर माझा हात यानंच धरला होता."

दाजींनी बाप्तिस्मा घेतला. भावांनी जेवणखाण तोडलं. काकूंनी मात्र नवरा सोडला नाही आणि देव्हाऱ्यातला खंडोबाही सोडला नाही. त्यांच्या पूजेचं पाणी दाजीच भरून आणत. कुणी हसलं तर म्हणत, "देव तिचा, विहीर सगळ्यांची."

पहाटे आणि संध्याकाळी ते मोहावर चढून तासभर बसत, तीच त्यांची प्रार्थना. इतर मंडळी गुडघे टेकतात. दाजींचे गुडघे चढण्यातच संपत. मलाही ते रविवारी रानात नेत आणि पळसाखाली बसवत. माझी मांडी पाच मिनिटांत बधिर व्हायची. एकदा कंटाळून विचारलं, "दाजी, तुम्ही मागता तरी काय?"

"मागायचं मागाहून. आधी हालणं थांबवा. चुळबुळ करणाऱ्याजवळ हरीण येत नाही, तो कशाला येईल?"

त्या दिवशी नीलगायीचं वासरू माझ्यापासून चार हातांवर येऊन उभं राहिलं. मी श्वास धरला होता. तसा श्वास मी पुढे कुठल्याच देवळात धरला नाही.

मग कुणा बड्या पाहुण्यांसाठी हाका ठरला. जुने रोक गोळा करायचं काम माझ्याकडे. दाजी नाही म्हणतील अशी माझी खात्री, पण ते मुकाट्यानं झाडावर चढले. वाघ त्यांच्याच झाडाखालून, मांजरासारखा आरामात, बाहेर पडला. पाहुणे चिडले. मोठ्या साहेबांनी मला रपट लिहायला बसवलं.

दाजींना पेन्शनीला दोन वर्षं उरली होती. मी डोकं लढवून लिहिलं, 'चौकीदार वृद्ध है, उसे झपकी आ गई।' झोपेबद्दल दंड होतो, नोकरी जात नाही. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

दाजींना वाचता येत नसे. "काय लिहिलं, वाचा."

मी वाचलं.

"खोडा ते."

"अहो दाजी, नोकरी जाईल! काकूंना काय खायला घालाल?"

"ते बघतो. पण मी जागा होतो, बाबू. उभ्या जन्मात इतका जागा कधी नव्हतो. आणि तुम्ही मला झोपवता?" त्यांनी कागदावर बोट टेकवलं. "हां, इथं. लिखो, जाग रहा था, जान के नहीं बजाया।"

मी लिहिलं. त्यांनी खाली अंगठा उठवला. आठ दिवसांत त्यांची नोकरी गेली.

गंधवानीकडे भिल्लांच्या एका पाड्यात त्यांच्या पंथाची चार घरं होती. तिकडे जायला बैलगाडी निघाली. काकू खंडोबाला मांडीवर घेऊन गाडीत, दाजी मागून पायी. "बाबू, या तिकडे," ते म्हणाले. "येतो" म्हणायला मला क्षणही लागला नाही, जायला सहा वर्षं लागली. मधे लग्न, देवासची बदली, टोंकखुर्दचे दौरे. सबबी मला नेहमीच भरपूर सुचतात.

शेवटी गेलो तेव्हा दारात काकू एकट्याच होत्या. दाजी पावसाळ्याआधीच गेले होते. दर रविवारी पाड्यातल्या पोरांना रानात नेऊन गप्प बसवत, म्हणाल्या. आता पोरं आपली आपणच जातात.

"तुमच्यासाठी रोज मागायचे हो," काकू म्हणाल्या. "माझ्यापायी त्या पोराला खोटं लिहावं लागलं, म्हणायचे. त्यांच्या देवाशी माझी ओळख नाही, पण तुमचं नाव मी रोज ऐकलंय."

देवासला परतल्यावर जेवताना मी हे सगळं बायकोला सांगितलं. तिनं दाजींना कधी पाहिलेलं नव्हतं. बराच वेळ ती वाढायचंच विसरली. मग म्हणाली, "मग आता तुमच्यासाठी कोण मागतं हो?"