पांढरं की काळं

महेश्वरी कुणाच्याही हातात गेमचा कंट्रोलर देते तो उजव्या हातानं, आणि देण्याआधी ओढणीला पुसून. मशीनशी कानडीत बोलते, गिऱ्हाइकांशी मराठीत, भांडण लागलं की सरळ दखनीत. सोमवारी तिच्याकडे मारामारीचे खेळ बंद. फक्त फुटबॉल आणि गाड्या. हरायला लागली की शेंगा खाते. जिंकायला लागली की तोंडातली शेंग चावायची विसरते. आणि "दोन्ही मशीनमध्ये भारी कुठलं?" असं कुणी विचारलं की खुर्ची पुढं ओढून बसते. मग त्या माणसाची सुटका नाही.

पूनमला हे सगळं पाठ होतं. दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. पूनम मोडनिंबची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मराठी घेऊन एम.ए. झाली. महेश्वरीनं शेवटच्या वर्षी कॉलेज सोडलं आणि वडिलांच्या चादरीच्या दुकानावर, माडीत, गेमिंग पार्लर काढलं. दोन टीव्ही, दोन मशीन. एक पांढरं, प्लेस्टेशन. एक काळं, एक्सबॉक्स. गल्लीतली पोरं पांढऱ्याची, कॉलेजची पोरं काळ्याची. दोन्ही गट एका बाकावर बसत नसत.

त्या रविवारी निकाल लागायचा होता. लग्नसराईचा माल येणार होता आणि तिच्या वडिलांना, रुद्रप्पांना, अर्धी माडी हवी होती. "एक ठेव, एक काढ. सांजच्याला गठ्ठे येतील," ते म्हणाले. महेश्वरीनं शब्द दिला. तिचा जीव काळ्यावर. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि अडचण तीच होती. तिनं स्वतः निवडलं तर निम्मी पोरं पुन्हा जिना चढली नसती. म्हणून तिनं पंच शोधला.

"मी?" पूनम म्हणाली. "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणून तर तू. कळत असतं तर एव्हाना कुणाची तरी झाली असतीस की."

दुपारी माडी गच्च भरली. बाहेर पत्र्यावर पापड भाजावा असं ऊन. आत दोन्ही गट पूनमच्या कानाशी.

"ताई, पांढऱ्यावरचे काही खेळ काळ्यावर कधी दिसायचेच न्हाईत," गल्लीचा सोमेश म्हणाला.

"असू दे की," कॉलेजच्या गटातला बसू म्हणाला. "आमच्याकडं महिन्याची वर्गणी भरली की थाळीच हाय. पाहिजे तो खेळ वाढून घ्या."

"थाळीत सगळं असतंय बे. चव असती का?"

"चवीचं तू बोललालास? भेंडीला सॉस लावून खातोस!"

आधी काळं. महेश्वरीनं कंट्रोलर पुसून दिला. पूनमची गाडी भिंतीला धडकली, झाडाला धडकली, मग धावायला लागली. लख्ख चित्र. कुठं अडखळणं नाही. हातात कंट्रोलर असा बसला की जणू तिच्या मापानं केला होता. कॉलेजची पोरं शिट्ट्या मारत होती.

मग पांढरं. पूनमनं बटण दाबलं आणि बटण बोटाखाली जड झालं. गाडी रस्ता सोडून खडीवर गेली. कंट्रोलर थरथरला आणि खडी तिच्या तळहाताला लागली. तिनं दचकून हात काढला. पुन्हा धरला. वाळू वेगळी लागली, लाकडी पूल वेगळा. मेंढरांमागं अनवाणी चालताना पायाला जे कळायचं, ते हाताला कळत होतं.

"महेश्वरी," ती म्हणाली, "अगं, हे..."

तेवढ्यात पडद्यावर इशारा आला. मशीन तापलं होतं. पुढच्या क्षणी पडदा काळा.

कॉलेजच्या पोरांनी माडी डोक्यावर घेतली. "मेलं! पांढरं मेलं!" बसू बाकावर चढून नाचायला लागला. सोमेशचा चेहरा उतरला.

महेश्वरी टीव्हीमागच्या फळीकडं धावली. मशीनवर जाडजूड टॉवेल होता. दुकानातला, नवा कोरा, चारी बाजूंनी नीट खोचलेला.

"हे कुणी घातलं?"

"मी," तिची आई मल्लव्वा दारातून म्हणाली. हातात ताकाची कळशी. "मघा ताक द्यायला आले तवाच घातलं. एवढी माणसं टक लावून बघायलीत. पांढरंशुभ्र हाय ग ते. दृष्ट लागंल की."

"आणि काळ्याला का नाही घातलं, अव्वा?"

"काळ्याला कशाची दृष्ट लागती?"

माडी हसून हसून आडवी झाली. पण बसू अडून बसला. "कारण काय का असंना, बंद पडलं ते हरलं! अक्का, तुझंच जिंकलं की!"

पूनमनं महेश्वरीकडं पाहिलं. तिनं नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. काळं राहिलं असतं.

महेश्वरीनं खोक्याचा एक पुठ्ठा फाडला आणि पांढऱ्याला वारा घालायला लागली. "तोंडावर टॉवेल टाकला तर तू पण गुदमरशील, बसू. थंड होऊ दे. मग परत पहिल्यापासून."

पूनम बघतच राहिली. घामाची धार महेश्वरीच्या हनुवटीवरून गळत होती आणि ती कानडीत पांढऱ्याची समजूत घालत होती.

मशीन पुन्हा लागलं. पूनम पुन्हा धावली. खडी, वाळू, पूल. या वेळी ती ओरडत होती. सोबत गल्लीची पोरं, आणि थोड्या वेळानं कॉलेजचीही. शर्यत संपली तेव्हा तिचा गळा बसला होता.

"काळं डोळ्यांना सुख देतं," ती कशीबशी म्हणाली. "पण हे हाताशी बोलतं. पांढरं."

सोमेशच्या गटानं त्यालाच उचललं. महेश्वरी म्हणाली, "खरं बोललीस." तिनं माळ्यावरून काळ्याचं खोकं काढलं, धूळ झटकली, खालच्या फटीवर चिकटपट्टी लावली. मशीनच्या वायरीला हात घातला.

"अक्का," बसू हळूच म्हणाला, "एकच मॅच. शेवटची."

"एकच हां," ती म्हणाली आणि बसली. तिच्याशेजारी सोमेश बसला, काळ्याचा कंट्रोलर घेऊन. पहिल्यांदाच. दोन्ही गट एकाच बाकावर दाटीनं चढले. पहिला गोल झाला, आरोळी खाली रस्त्यावर गेली.

गठ्ठ्याचं एक टोक हमालाकडं देऊन रुद्रप्पा जिना चढून आले. पडद्याकडं बघत दारातच थांबले. "अरं, त्याला पास दे की!" ते ओरडले, आणि हमालाला म्हणाले, "ठेव तितंच. जरा दम घे."

पूनमच्या पायाशी खोकं उघडंच होतं. वरची चिकटपट्टी लावायची राहिली होती. तिच्यासाठी फाडलेला तुकडा महेश्वरीच्या मनगटाला चिकटून हलत होता.