हळदीवर चाललेलं इंजिन

यासीनभाईंनी ब्लॉक गरम पाण्याच्या टाकीत उतरवला, हवेचा पाइप जोडला आणि कॉक हळूच उघडला. दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग खालून बुडबुड्यांची एक ओळ वर यायला लागली. यासीनभाईंनी कॉक बंद केला, हात पुसले आणि मला चहा विचारला. नाना पेठेत तीस वर्षं इंजिनाचं मशीनिंग करणारा माणूस टेस्टच्या मध्येच चहा विचारतो, तेव्हा निकाल लागलेला असतो.

ब्लॉक म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा. पिस्टन त्याच्यातच वरखाली होतात आणि त्याच्या भिंतींच्या पोकळीतून इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतं. आमच्या ब्लॉकला त्या पोकळीतून थेट खाली चीर गेली होती, क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, ज्या बैठकीवर फिरतो तिथपर्यंत. सिलिंडरला चीर असती तर आत नवीन स्लीव्ह, म्हणजे लोखंडी नळी, ठोकून भागलं असतं. बैठकीवर सगळ्या इंजिनचा भार. शिवाय ब्लॉक बिडाचा, आणि असल्या जागी बिडाला वेल्डिंग धरत नाही. मी चहा घेतला नाही.

गाडी केळकर काकांची. काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. जुनी डिझेल व्हॅन घेऊन त्यांनी तिचा स्वतःच्या हाताने कॅम्पर केला होता. आत पलंग, शेगडी, छोटं सिंक, डबे पडू नयेत म्हणून फळ्यांना पट्ट्या. नवरा-बायको त्यात बसून कुठे कुठे हिंडून आले. मग काकूंचा विसर वाढत गेला. पेठेतलं घर रीडेव्हलपमेंटला गेलं आणि मुलाने दोघांना खराडीला आपल्या फ्लॅटवर नेलं. तो फ्लॅट काकूंना घर वाटेचना. दिवस कलला की दाराशी जाऊन उभ्या राहायच्या, घरी चला म्हणायच्या. फक्त गाडी त्यांना ओळखू यायची. काका रोज संध्याकाळी थेऊरच्या रस्त्याला गाडी काढायचे, कुठेतरी कडेला लावायचे, आणि ज्या बाईला नातवाचं नाव आठवत नव्हतं ती बरोबर तिसऱ्या फळीवरचा साखरेचा डबा काढून चहा करायची. परत आल्यावर रात्रभर शांत झोपायची.

हे सगळं काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांचा आधीचा मेकॅनिक गावाला गेला म्हणून ते माझ्याकडे आलेले. तक्रार साधी होती. गाडी धूर मारते, ऑइल खाते. आरटीओच्या तपासणीला अजून आठ महिने होते. तोवर ऑइल टाकत चालवावी की इंजिन बांधावं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. इंजिन बांधणं म्हणजे ते खाली उतरवून पूर्ण उघडायचं, झिजलेलं सगळं बदलायचं आणि पुन्हा जोडायचं.

"मला दहा वर्षं नकोत हो," काका म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, वर्षभराने तिला गाडीही ओळखू येणार नाही. तेवढं निघालं तरी पुष्कळ."

याचं सरळ उत्तर होतं, चालवा. ऑइल टाका, हळू चालवा आणि घरी जा. कुठल्याही शिकाऊ पोराने हे सांगितलं असतं. पण माझं गॅरेज म्हणजे धूर मारणारी गाडी बाहेर न सोडणारं गॅरेज! मी त्यांना ऐकवलं की अशी गाडी रस्त्यात बंद पडली तर काकूंना घेऊन कुठे उभे राहाल. काका घाबरले. मी म्हटलं, पंधरा दिवस द्या, नवीन गाडीसारखी करून देतो. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती देव जाणे.

आणि खरं शेण खाल्लं ते पुढेच. इंजिन उतरवायच्या आधी पाणी काढलं तर पिवळंधमक. जुन्या ड्रायव्हरांचा हा उपाय आहे. गळती लागली की मूठभर हळद पाण्यात टाकायची, ती भेगेत जाऊन बसते आणि गळती थांबते. मी हसलो. काकांना म्हटलं, गाडीचं लग्न काढलंय का. काका ओशाळून म्हणाले, आधीच्या मेकॅनिकने सांगितलं होतं, गेली चार वर्षं महिन्याला घालतोय. मी आणखी थोडा हसलो. नक्की गळत कुठे होतं, हे मात्र मी विचारलं नाही. रेडिएटरच असणार, असं धरून चाललो. ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दिवसभर उकळला. चार वर्षांचा हळदीचा थर निघून ब्लॉक लख्ख झाला, आणि यासीनभाईंच्या टाकीत होत्याचं नव्हतं झालं.

काकांना गॅरेजमध्ये बोलावून ब्लॉक दाखवला. त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे हळदीनेच धरलं होतं?"

"हो."

"मग परत घालू या की."

मला हसू आलं नाही. दुसरा ब्लॉक शोधू म्हटलं. ते मॉडेल कधीच बंद झालेलं. दहा दिवस मी भंगारवाल्यांकडे फिरलो. एक ब्लॉक मिळाला, त्याला पिस्टनच्या तुटलेल्या रॉडने बाहेरून हात जाईल एवढं भोक पाडलेलं. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं तर माउंटिंगपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं बदलायचं, वर आरटीओची परवानगी. किती महिने लागतील, काका विचारत होते. सहा तरी, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

शेवटी त्यांचंच ऐकलं. यासीनभाईंनी चिरेत पिना ठोकून तिला शक्य तेवढं शिवलं आणि वर स्पष्ट सांगितलं, इसका भरोसा मत देना. मी इंजिन जोडलं. पाण्यात हळद घातली. इतकी वर्षं ज्या उपायाला हसलो तो मी स्वतःच्या हाताने, चमच्याने ढवळून केला. काका काकूंना घेऊन आले होते. स्टार्टर मारला आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. काकू आत चढल्या, पलंगावर बसल्या, साडी सारखी केली. "चला, अंधार व्हायच्या आत पोचायला हवं," म्हणाल्या. काकांनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरले होते, आणि खरं सांगतो, माझेही.

मी म्हटलं, अर्धा तास इथेच चालू द्या. वीस मिनिटांनी ऑइलची दांडी काढून पाहिली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. पाणी त्यात उतरलं की असंच होतं. चार वर्षांत बसलेला थर एका दिवसात कसा बसणार? मी इंजिन बंद केलं. आतून काकूंचा आवाज आला, थांबलात का. मला त्यांच्याकडे बघवेना.

गाडी टो करून खराडीला त्यांच्या पार्किंगमध्ये लावली. काका रोज संध्याकाळी काकूंना तिच्यात बसवायचे, पडदे ओढायचे आणि निघालो म्हणायचे. काकू थोडा वेळ वाट बघायच्या, मग चिडायच्या, उतरायला लागायच्या. साधारण दीड महिन्याने काका एकटेच गॅरेजला आले. भांडायला आलेत असं वाटलं. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांना भंगारवाल्याचा नंबर हवा होता.

मी विचारलं, एवढ्यात कशाला?

"काल गाडीजवळ नेलं तर म्हणाली, कुणाची आहे हो ही?" काका म्हणाले. "मी म्हटलं, शेजाऱ्यांची."

मी नंबर लिहून दिला. ते थँक यू म्हणून गेले.

त्यानंतर गॅरेजमध्ये मी एक नियम केला. इंजिनला पाना लावायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचं, गाडी किती दिवस हवी आहे, आणि ते जेवढं सांगेल तेवढंच काम करायचं. नियम चांगला आहे. तो सुचायला मला अठ्ठावीस वर्षं लागली.