नेव्यानाबाईंचे चार रंग

ब्रेस्तनो गावच्या शाळेत एकतीस वर्षे शिकवलेल्या नेव्यानाबाईंना माणसाकडे नुसते पाहता येत नसे. पाहिले की त्या तोलत, आणि तोलले की रंग देत. तापट तो लाल, हसरा तो पिवळा, थंड तो निळा, उदास तो काळा. पाचवा रंग त्यांच्या डब्यात नव्हता.

हे त्यांना शिक्षक-विद्यालयात शिकवले होते. एका मोठ्या रशियन प्राध्यापकाने कुत्र्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून म्हणे दाखवून दिले होते, की स्वभावाचे चारच प्रकार. माणूस त्यांतला एक घेऊन जन्मतो आणि पुढे जे काही करतो ते त्यातूनच उगवते. डोंगरातून आलेल्या त्या विशीतल्या मुलीला हे ऐकून केवढा दिलासा वाटला होता! बापाचे मारणे आणि आईचे गप्प बसणे, दोन्हींना एका दुपारी नाव मिळाले. ज्याला नाव मिळते त्याची भीती निम्मी होते. त्या दिवसापासून त्यांनी तो सिद्धांत असा धरून ठेवला, जसा बुडणारा माणूस ओंडका धरतो.

पण पुस्तकात वाचून भागत नाही, पारख करावी लागते. बाईंची पारख त्यांची स्वतःची होती. दर सप्टेंबरात शाळेला कुलूप लागे आणि मुले पंधरा दिवस सहकारी बागेत आलुबुखार तोडायला जात. उतारावरची बाग, खाली ओढा. बाई ओळींमधून फिरत आणि फिरता फिरता एखाद्या मुलाच्या भरलेल्या टोपलीला हळूच टाच लावत. टोपली कलंडे. जांभळी फळे गवतातून उड्या घेत ओढ्याकडे धावत. मग बाई नवल वाटल्यासारख्या उभ्या राहत आणि बघत. कोण ओरडतो, कोण हसत फळांमागे पळतो, कोण मुकाट्याने गोळा करतो, कोण रडत बसतो. संध्याकाळी वहीत रंगीत पेन्सिलीची एक रेघ. एवढ्या वर्षांत कुणालाही संशय आला नाही, असे त्या समजत होत्या.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरात स्तामेनची टोपली कलंडली. आठवीतला पोरगा, चौदा वर्षांचा. तो ओरडला नाही, हसला नाही, रडला नाही, वाकलाही नाही. हात लोंबते सोडून उभा राहिला. फळांकडे पाहिले, बाईंकडे पाहिले, मग जमिनीकडे. बाईंनी मनात साठपर्यंत आकडे मोजले, तरी तो हलला नाही. त्या संध्याकाळी निळ्या पेन्सिलीचे टोक मोडले, इतकी रेघ दाबून ओढली गेली.

स्तामेनला आगगाडीचे इंजिन चालवायचे होते. दरीतून जाणारी प्रत्येक गाडी तो नुसत्या आवाजावरून ओळखे, आणि ती उशिरा आली तर घरचे कुणी उशिरा आल्यासारखा अस्वस्थ होई. इंजिनचालकांच्या शाळेने रीतीप्रमाणे त्याचे स्वभावपत्र मागवले. बाईंनी लिहिले: "प्रामाणिक, मेहनती. परंतु स्वभाव अतिशय थंड. अचानक प्रसंग आल्यास हालचाल करीत नाही. झटपट निर्णयाच्या कामास अयोग्य." पत्र हातात घेऊन तो म्हणाला होता, "आभारी आहे, बाई."

त्याला प्रवेश मिळाला नाही. आधी सहकारी गोठ्यातल्या गाई, मग पाण्याच्या पंपाची राखण. बायको वेलिका नऊ वर्षे राहिली आणि बहिणीकडे निघून गेली. जाताना शेजारणीला म्हणाली, "भिंतीशी भांडलेलं परवडतं गं, निदान आपला आवाज तरी परत येतो." हे कानावर आले तेव्हा बाईंनी जुनी वही काढून ती निळी रेघ पाहिली. चौदाव्या वर्षी मी ओळखले होते, असे त्या स्वतःला म्हणाल्या. पण पंपावरून जाताना त्यांना तिकडे पाहवत नसे. आपण त्याला ओळखले होते की घडवले होते, एवढे एकच त्यांना डोळे मिटायच्या आधी कळायला हवे होते.

बाई अठ्ठ्याहत्तरच्या झाल्या तेव्हा गावात पोरे उरली नाहीत आणि शाळा कायमची बंद झाली. कपाटे रिकामी करायला ग्रामकचेरीतली गेंका आली, आणि सामान वाहायला गाढवगाडी घेऊन स्तामेन. आपल्या जुन्या वह्या न्यायला निवृत्त बाईही आल्या. दोघे एकाच वर्गातले. वह्यांचा खोका दिसताच गेंका त्यावर तुटून पडली.

"माझं पान कुठंय? हे बघा, लाल! दोनदा दाबून! बाई, माझ्या स्वभावपत्रातही हेच होतं ना? लग्नाच्या दिवशीच नवऱ्याला सांगितलं, शाळेनं लिहून दिलंय, मी तापट आहे, सोसायचं. तेव्हापासून त्याच कागदाच्या जोरावर भांडतेय."

"मग खरंच होतं की," बाई म्हणाल्या.

"खरं? त्या दिवशी सकाळपासून माझी दाढ ठणकत होती, बाई. त्यात ती मेली टोपली." गेंका खदखदून हसली आणि किल्ल्या वाजवत कचेरीत निघून गेली.

बाई हसल्या नाहीत. स्तामेन खोका उचलायला वाकला होता.

"स्तामेन, तुझी टोपली आठवते?"

"आठवते."

"तू हलला का नाहीस रे?"

त्याने खोका खाली ठेवला. "तुमची टाच दिसली होती मला."

उघड्या खिडकीतून अंगणातल्या लिंडनच्या झाडाच्या फुलांचा वास येत होता. बाई बाकावर बसल्या.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? बाईंनी टोपली पाडली म्हणून? ओरडलो तर तुमच्यावर ओरडल्यासारखं. हसलो तर तुम्हाला हसल्यासारखं. उचलायला जावं, तर तुम्ही काहीतरी कारणानंच पाडली असणार, उचललेली चालेल की नाही कुणास ठाऊक. म्हणून थांबलो. तुम्ही काय सांगताय याची वाट बघत होतो. तुम्ही काही सांगितलंच नाहीत."

"पण ते पत्र..."

"वाचलं होतं. वाटलं, बाई शिकलेल्या आहेत, माझ्या आतलं त्यांना दिसलं असेल. पुढं काहीही झालं की ते आठवायचं. वेलिका कपडे बांधत होती तेव्हाही दारात उभा राहिलो. म्हटलं, आपण असेच."

"रागव माझ्यावर," बाई म्हणाल्या. "ओरड, स्तामेन. काहीतरी कर."

"राग कसला, बाई? माझ्या कागदात तो लिहिलेला नाही."

तो टोमणा होता की साधे उत्तर, बाईंना कळले नाही. एकतीस वर्षे माणसे वाचलेल्या बाईंना समोरच्या त्रेपन्न वर्षांच्या माणसाचे एक वाक्य वाचता आले नाही. त्यांनी वहीचे कोरे पान फाडले आणि त्यावर लिहिले: "शांत, समंजस, दुसऱ्याची लाज राखणारा. कोणत्याही जबाबदारीच्या कामास योग्य." खाली सही केली, तारीख घातली. दरीतले रूळ आठ वर्षांपूर्वीच उखडून भंगारात गेले होते. हे पत्र कुणाला द्यायचे, हे त्याने विचारले नाही. दोन्ही हातांनी घेतले, चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवले.

"आभारी आहे, बाई."

तोच सूर, चौदाव्या वर्षीचा.

मग तो उभा राहिला, हात लोंबते सोडून, नजर जमिनीकडे. बाई आत्ता तरी काही सांगतील म्हणून तो थांबला असावा. बाईंनी शब्द शोधले. सवयीने मनात आकडे सुरू झाले होते. साठ उलटून गेले, तरी त्यांना काहीच सुचले नाही. स्तामेनने वाकून खोका उचलला आणि तो गाढवगाडीकडे चालू लागला.